जळगावात लिनक्सचा गट सुरू करायचाय, पहिल्या रविवारी नेमकं काय ठेवावं?

तापीकाठ, जळगाव

नमस्कार मंडळी. जळगाव, भुसावळ आणि अमळनेर मिळून सात जण तयार आहेत. तिघं रोज लिनक्सवरच (विंडोजऐवजी चालणारी मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम) काम करतात, बाकीचे बीसीए आणि डिप्लोमाचे विद्यार्थी. एका महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा महिन्यातला एक रविवार देऊ, असं तोंडी कबूल झालंय.

पुण्याच्या लिनक्स युजर्स ग्रुपचं आणि फॉस युनायटेडच्या (मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांची संस्था) बैठकांचं स्वरूप माहीत आहे. पण तिथं समोर बसलेला माणूस बहुतेक वेळा आधीच प्रोग्रामर असतो. इकडे येणार तो विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यानं धास्तावलेला दुकानदार, शाळेतले सर, आणि प्रॅक्टिकलपुरत्या कमांड पाठ केलेली पोरं.

तर प्रश्न असे: पहिल्या भेटीत व्याख्यान ठेवावं की थेट इन्स्टॉल फेस्ट, म्हणजे लोकांच्या मशीनवर लिनक्स टाकून द्यायचा कार्यक्रम? डिस्ट्रो (लिनक्सचा तयार प्रकार) एकच ठरवावं की ज्याला जे हवं ते? संस्था म्हणून नोंदणी लागते का? आणि धुळे-नंदुरबारच्या लोकांना कसं जोडावं? ठिकाण जळगावच धरलंय.

---

गिरणाथडी, चाळीसगाव

पहिल्या दिवशी दोन्ही नको. व्याख्यानाला येणारा ऐकून जातो आणि परत येत नाही. इन्स्टॉल फेस्टला येणाऱ्याचं मशीन घरी गेल्यावर अडतं, तेव्हा तुमची पुढची भेट महिनाभर लांब असते. मग तो गल्लीतल्या दुकानात जाऊन विंडोज परत टाकून घेतो आणि वर सांगतो, "लिनक्स काही चालत नाही."

पहिले दोन रविवार नुसतं दुरुस्तीचं टेबल लावा. ज्यांच्याकडे आधीच लिनक्स आहे आणि काहीतरी अडलंय, फक्त त्यांना बोलवा. प्रिंटर लागत नाही, आवाज येत नाही, मराठी टाइप होत नाही, अपडेट अर्ध्यात तुटलं, एवढंच. यातून तुमच्या सात जणांपैकी कोणाला काय येतं ते कळतं. इन्स्टॉल फेस्ट तिसऱ्या महिन्यात, आणि त्याच्या बरोबर पुढच्या रविवारी पुन्हा दुरुस्तीचं टेबल. फेस्टच्या जाहिरातीतच त्या दुसऱ्या रविवारची तारीख छापा. ती तारीख ठरली नसेल तर फेस्ट घेऊच नका.

मशीन किती घ्यायची? एका कार्यकर्त्यामागे एका वेळी तीन. तुम्ही तिघं जाणकार, म्हणजे एका खेपेला नऊ. जुन्या हार्ड डिस्कवर इन्स्टॉलला पाऊण तास धरा, एसएसडीवर वीस मिनिटं. सकाळी एक खेप, दुपारी एक. नाव आधी नोंदवून वेळ द्यायची, नाहीतर साडेदहाला चाळीस लॅपटॉप टेबलावर येऊन पडतात आणि एकाचंही धड होत नाही.

एक नियम कडक ठेवा: माउस मालकाच्याच हातात. कार्यकर्त्यानं शेजारी बसून सांगायचं. वेळ जास्त जातो, पण घरी गेल्यावर त्या माणसाला पासवर्ड कुठं विचारतात आणि अपडेट कुठून करायचं हे तरी माहीत असतं.

---

पांझरा_रूट, धुळे

वरचं पटलं. आता फेस्टमध्ये जे हमखास अडतं ते लिहितो, कारण त्यातलं निम्मं आठवडाभर आधी निस्तरता येतं.

नाव नोंदवणाऱ्याला आधीच एक पानी मराठी सूचना पाठवा. पहिली ओळ बॅकअपची: बाहेरच्या डिस्कवर घेतलेला, त्याच लॅपटॉपच्या डी ड्राइव्हवर टाकलेला नव्हे. "डी ला ठेवलंय" म्हणणारे निम्मे असतात. बॅकअप घेतला आहे असं लिहून खाली सही घ्या, सही नसेल तर मशीनला हात लावायचा नाही.

दुसरी सूचना बिटलॉकरची, म्हणजे डिस्क कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणाऱ्या विंडोजच्या सोयीची. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉगिन केलं की डिस्क बरेचदा आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. तुम्ही सिक्युअर बूटला (सही असलेलंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) हात लावला की विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, आणि खात्याचा पासवर्ड कोणाला आठवतोय? की आधी उतरवून आणायला सांगा, किंवा एन्क्रिप्शन घरीच बंद करून या म्हणावं. त्याला काही तास लागू शकतात, हॉलमध्ये ते काम काढू नका.

तिसरं, फास्ट स्टार्टअप बंद. तो चालू असेल तर विंडोज "शट डाउन" म्हणतं पण खरं अर्धवट झोपलेलं असतं, आणि विंडोजचं एनटीएफएस पार्टिशन (डिस्कचा भाग) लिनक्सला लिहिण्यासाठी उघडत नाही. पार्टिशन लहान करायला गेलात तर इन्स्टॉलर नकार देतो.

जागा काढायची ती विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून, सी ड्राइव्हवर राइट क्लिक करून श्रिंक व्हॉल्यूम. किमान ४० जीबी काढा. १०० जीबी रिकामं दिसत असूनही "८ जीबीच निघेल" असं येतं, ते शेवटाला बसलेल्या पेज फाइल, हायबरनेशनची फाइल आणि रिस्टोअर पॉइंटमुळे. तिन्ही तात्पुरते बंद करून रीस्टार्ट करा, मग पुन्हा श्रिंक.

पेनड्राइव्हवरून बूट करताना यादीत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा यूईएफआय लिहिलेला, एकदा साधा. विंडोज यूईएफआयमध्ये (मशीन सुरू करायची नवी पद्धत) असेल तर यूईएफआयवालाच घ्या. चुकून दुसरा घेतला तर इन्स्टॉल नीट होतं, पण सुरू करताना दोन्ही सिस्टिमांचा एकत्र मेनू येत नाही, आणि तास वाया जातो.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) स्टोरेज, म्हणजे डिस्क जोडायची पद्धत, इंटेलच्या आरएसटी किंवा रेड मोडवर आहे. ते एएचसीआय या साध्या पद्धतीवर न्यायचं, पण सरळ बदललंत की विंडोज निळा पडदा दाखवून बसतं. आधी विंडोजला सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगा, रीस्टार्ट करून थेट बायोसमध्ये एएचसीआय करा, एकदा सेफ मोडमध्ये विंडोज उघडू द्या, मग सेफ मोड काढा.

सिक्युअर बूट चालू ठेवून मल्टिमीडिया कोडेक आणि बाहेरचे ड्रायव्हर टाकलेत तर इन्स्टॉलर एक पासवर्ड ठरवायला लावतो. पहिल्या रीस्टार्टला निळा पडदा येतो, तिथं एन्रोल मोक (Enroll MOK, म्हणजे ड्रायव्हरची की नोंदवा) निवडून तोच पासवर्ड द्यायचा. हा पडदा दहाच सेकंद थांबतो. नेमका तेव्हा माणूस चहाला गेलेला असतो, आणि मग एनव्हिडियाचा किंवा ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर लोड होत नाही. मोकयुटिल (mokutil) या कमांडनं की पुन्हा आयात करून रीस्टार्ट केलं की तो पडदा परत मिळतो.

वायफाय नाही? ब्रॉडकॉमची चिप असेल तर ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटला ड्रायव्हर. अँड्रॉइड फोन केबलनं जोडा, यूएसबी टेदरिंग चालू करा, ते लगेच चालतं. डेटा जाणारी केबल मात्र हवी. चार्जिंगपुरत्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात.

आणि दुसऱ्या दिवशी फोन येतो तो घड्याळाचा: विंडोज साडेपाच तास मागं गेलं! लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं, विंडोज तिला स्थानिक समजतं, फरक बरोबर आपला ५ तास ३० मिनिटांचा. लिनक्समध्ये टाइमडेटसीटीएल (timedatectl) या कमांडनं घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवायला सांगा, मिटलं.

---

केळीबाग_६४, रावेर

पांझराभाऊंनी मशीनचं सांगितलं, मी हॉलचं सांगतो.

वीज. १५ लॅपटॉप गुणिले ६५ वॅट म्हणजे ९७५ वॅट, २३० व्होल्टला सव्वाचार अँपिअर. ६ अँपिअरच्या एका सॉकेटवर कागदावर बसतं, पण त्याच ओळीवर कोणी कूलर लावला की एमसीबी पडतो. पार्टिशन हलत असताना बॅटरी मेलेला जुना लॅपटॉप बंद पडला तर एनटीएफएस गेलंच समजा. दोन वेगवेगळ्या सर्किटवरून एक्स्टेंशन बोर्ड घ्या, आणि बॅटरी धरत नसलेली मशीन यूपीएस असलेल्या टेबलावर बसवा. एप्रिल-मेमध्ये दुपारी फेस्ट घेऊच नका. आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो, जुन्या लॅपटॉपची थर्मल पेस्ट वाळलेली असते, आणि ती अर्ध्या इन्स्टॉलला तापून बंद पडतात. घ्यायचाच असेल तर सकाळी साडेसात ते अकरा.

इंटरनेट. इन्स्टॉलनंतरचं अपडेट मशीनमागे ७०० एमबी धरलं तर १५ मशीनचे साडेदहा जीबी. हॉटस्पॉटवर हे दिवसभर चालेल, शिवाय बऱ्याच फोनचा हॉटस्पॉट आठ-दहा जोडण्यांच्या पुढं जात नाही. एका लॅपटॉपवर एपीटी-कॅशर-एनजी (उतरवलेली पॅकेजं साठवून इतरांना देणारा प्रोग्राम) टाका, तो केबलनं साध्या राउटरला जोडा, बाकीच्यांना प्रॉक्सी (मधला दुवा) म्हणून त्याचा पत्ता आणि पोर्ट ३१४२ द्या. पहिल्या मशीननं पॅकेज उतरवलं की बाकीच्यांना ते राउटरमधूनच मिळतं. आदल्या रात्री एक मशीन पूर्ण अपडेट करून कॅश भरून ठेवा.

दोन गोम आहेत. एक, क्रोमसारखे एचटीटीपीएसवाले स्रोत या प्रॉक्सीतून मुळात जात नाहीत, ४०३ ची चूक येते. त्यांना वाट द्यायची ओळ कॅशरच्या कॉन्फिगरेशनमध्ये कॉमेंट करून ठेवलेली असते, ती उघडा. दोन, घरी पाठवताना प्रत्येक मशीनमधली प्रॉक्सीची फाइल पुसा. ही राहिली की घरी अपडेट "कनेक्ट होत नाही" म्हणतं आणि माणूस तुमच्या नावानं खडे फोडतो. प्रत्येक मशीनच्या तपासणी यादीत शेवटचा चौकोन याचाच ठेवा, त्यावर टिक झाल्याशिवाय लॅपटॉप दाराबाहेर जाऊ द्यायचा नाही.

पेनड्राइव्ह वेंटॉयचे (एकाच पेनड्राइव्हवरून अनेक सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्राम) करा, ६४ जीबीच्या एकावर चार-पाच आयएसओ (इन्स्टॉलच्या फाइली) बसतात. चार पेनड्राइव्ह पुरे. सिक्युअर बूट चालू असलेल्या मशीनवर पहिल्यांदा वेंटॉयची की नोंदवायला लागते, ते कार्यकर्त्यांनी आधी करून पाहावं. आयएसओचा एसएचए-२५६ (फाइल पूर्ण उतरली का हे सांगणारा आकडा) जुळवून घ्या. अर्धवट उतरलेली आयएसओ बूट होते आणि ऐंशी टक्क्यांवर लटकते.

---

तापीकाठ, जळगाव

खूप उपयोगी, धन्यवाद सगळ्यांना. दोन गोष्टी राहिल्या. एका शाळेचे अकरा जुने डेस्कटॉप येणार आहेत, त्यावर विंडोज ७ आहे आणि ते "३२ बिट" दाखवतं. म्हणजे डेबियन १३ (लिनक्सचं एक डिस्ट्रो) त्यावर चालणारच नाही ना? आणि दुकानदारांचे प्रिंटर.

---

यार्डलाइन, भुसावळ

विंडोज ३२ बिट म्हणजे प्रोसेसर ३२ बिट असं नाही! तेव्हा २ जीबी रॅमच्या मशीनवर सर्रास ३२ बिट विंडोज टाकत. कोअर टू ड्युओ किंवा त्यापुढचं काहीही असेल तर प्रोसेसर ६४ बिट आहे. लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट करून एलएससीपीयू (lscpu) ही कमांड चालवा, दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत ३२ बिट, ६४ बिट दोन्ही लिहिलेलं दिसलं की झालं. खरंच ३२ बिट निघालं तर डेबियन १२ पर्यंतच इन्स्टॉलर मिळतो, १३ मध्ये तो काढला. अशा मशीनवर गटाचा वेळ घालवू नये असं माझं मत. लिनक्स चालेल, पण आजचा ब्राउझर त्यावर रडेल.

मशीन घेण्याआधी डिस्क तपासा. स्मार्टसीटीएल (smartctl) या कमांडमध्ये रीअ‍ॅलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टर (डिस्कचे खराब तुकडे) शून्याच्या वर असतील तर त्या डिस्कवर काही टाकू नका, मालकाला दाखवा आणि आधी डेटा काढून द्या. दहा वर्षांच्या मशीनला पैसे घालायचेच असतील तर क्रम असा: आधी २४० जीबीची साटा एसएसडी, मग रॅम ४ वरून ८. लॅपटॉपची रॅम घेताना चौथ्या-पाचव्या पिढीच्या इंटेलला डीडीआर३एल लागते, १.३५ व्होल्टची. साधी दीड व्होल्टची बसते, पण मशीन सुरूच होत नाही, आणि मग मदरबोर्ड गेला म्हणून बोंब.

प्रिंटरचं थोडक्यात. एपसनच्या एल मालिकेतले टाकीवाले बहुतेक ईएससीपीआर ड्रायव्हरवर चालतात, तो रिपॉझिटरीत (डिस्ट्रोच्या सॉफ्टवेअर साठ्यात) आहे. एचपी लेसरजेट १०२० आणि त्याच्या भावंडांना एचपीएलआयपी (एचपीचं लिनक्ससाठीचं सॉफ्टवेअर) टाकून वर प्लगइन उतरवावं लागतं, नाहीतर प्रिंटर दिसतो पण कागद ओढत नाही. कॅनन एलबीपी २९०० हा आपल्याकडे दर दुसऱ्या झेरॉक्सच्या दुकानात असतो आणि तोच सगळ्यात चिवट. त्याचा कॅप्ट ड्रायव्हर वेगळा आणून बसवावा लागतो, नव्या आवृत्तीवर तो अडतो. फेस्टच्या दिवशी त्याला हात लावू नका, दुरुस्तीच्या रविवारी स्वतंत्र वेळ द्या.

ज्यांचं काम टॅलीवर, डिजिटल सहीच्या टोकनवर किंवा आधारच्या ठसे यंत्रावर चालतं, त्यांचं विंडोज काढायचं नाही. नोंदणीच्या अर्जातच हे तीन प्रश्न विचारा. सीएससीवाल्याचं (सरकारी सेवा केंद्रवाल्याचं) मशीन साफ करून दिलंत तर सोमवारी त्याचं दुकान बंद.

---

शेवभाजी_शेल, जळगाव

बठ्ठं बरोबर शे भो, पण डिस्ट्रोचं कोणीच बोललं नाही.

घरच्या मशीनला मिंट २२, एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपचं, बस. उबंटू २४.०४ वर बसलेलं आहे, २०२९ पर्यंत अपडेट मिळतात, ४ जीबी रॅमवर बरं चालतं, मेनू खाली डाव्या कोपऱ्यात. टाइमशिफ्ट (सिस्टिम आधीच्या स्थितीला परत नेणारं साधन) आधीपासून असतं, पहिलं स्नॅपशॉट तिथंच घेऊन द्या. शाळेच्या प्रयोगशाळेला डेबियन, कारण तिथं दर सहा महिन्यांनी कोणी काही बदलायला जाणार नाही. गटातल्या पोरांना आर्च, फेडोरा, फ्रीबीएसडी काय हवं ते करू द्या, पण व्हर्च्युअल मशीनमध्ये किंवा स्वतःच्या लॅपटॉपवर. पाहुण्याच्या मशीनवर प्रयोग नको. पाच डिस्ट्रो वाटलीत तर फोनवर पाच वेगवेगळी उत्तरं द्यावी लागतील, आणि फोन उचलणारे तुम्ही तिघंच.

---

सातपुडा_इन्स्क्रिप्ट, शहादा

मराठीचं राहिलंच की. इन्स्टॉलनंतर लगेच मराठी कीबोर्ड लावून दाखवा, कारण शिक्षक मंडळी पहिला प्रश्न तोच विचारतात. इन्स्क्रिप्ट (भारतीय भाषांचा प्रमाण कीबोर्ड) येणाऱ्याला कीबोर्ड लेआउटमध्ये मराठी जोडलं की पुरतं. इंग्रजी अक्षरांतून टाइप करणाऱ्याला आयबस आणि एम१७एन (भाषा टाइप करायची साधनं) लागेल. टाकल्यावर एकदा लॉगआउट करायचं, नाहीतर यादीत दिसत नाही. फॉन्टला लोहित किंवा नोटो देवनागरी टाका, आणि वर्डच्या फाइलींसाठी ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट.

खरी अडचण जुन्या फाइलींची. शाळांचे दहा वर्षांचे निकाल आणि प्रश्नपत्रिका श्रीलिपी किंवा शिवाजी फॉन्टमध्ये असतात, त्या युनिकोड नव्हेतच. लिब्रेऑफिसमध्ये (लिनक्सवरचं वर्ड-एक्सेल) उघडल्या की खुणांची खिचडी दिसते आणि लिनक्सवर खापर फुटतं. फॉन्ट नुसता उचलून टाकू नका, त्याचा परवाना असतो. कन्व्हर्टरनं युनिकोड करून घ्या आणि जोडाक्षरं, रफार, पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासा, तिथंच चुकतं.

घरी शिकायला आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे मराठी पाठ द्या, लिनक्सचे आणि लिब्रेऑफिसचे दोन्ही आहेत. पेनड्राइव्हवर भरून दिले तर आमच्या धडगाव-अक्कलकुव्याच्या बाजूलाही उपयोग होतो, तिथं नेटचा भरवसा नाही.

आता येण्याजाण्याचं. ठिकाण जळगाव धरलंत ते योग्य, पण स्टेशनपासून चालत जाता येईल अशी जागा बघा. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर सुरत लाइनवर. चाळीसगाव, पाचोरा मुंबई लाइनवर. सगळे गाडीनं येतात. धुळेकरांना मात्र चाळीसगाव फिरून यावं लागतं, ते पारोळा-एरंडोल मार्गे एसटीनंच येणार. म्हणून वेळ अकरा ते चार, त्याच्या आधी-नंतर काही नको. दर तिसऱ्या महिन्याची भेट धुळ्याला ठेवा, नाहीतर ते दोनदा येतील आणि तिसऱ्यांदा येणार नाहीत.

व्हॉट्सअ‍ॅप फक्त सूचनांसाठी. प्रश्नोत्तरं टेलिग्रामच्या गटात घ्या: फोन नंबर लपवता येतो, मुली त्यामुळे मोकळेपणानं विचारतात, आणि नव्या माणसाला जुनी उत्तरं शोधता येतात.

---

गिरणाथडी, चाळीसगाव

नोंदणीचं उत्तर देतो, ते राहिलं. पहिली दोन वर्षं नको. संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली किमान सात सदस्य लागतात, तेवढे तुम्ही आहात, पण महाराष्ट्रात त्याबरोबर सार्वजनिक न्यास म्हणूनही धर्मादाय कार्यालयात नोंद होते. मग दरवर्षी हिशेब तपासणी, विश्वस्त बदलला की बदल अर्ज. सात जणांतले तीन नोकरीला पुण्याला गेले की ही कागदं कोण सांभाळणार? पैसे गोळा करू नका म्हणजे खातंही लागत नाही. चहाचा खर्च तिथल्या तिथं वाटून घ्या, राउटर आणि एक्स्टेंशन बोर्ड ज्याचे त्याचे, वर नाव लिहून.

प्रयोगशाळेचं मात्र लेखी घ्या. प्राचार्यांच्या नावे अर्ज, प्रत विभागप्रमुखांना: तारीख, वेळ, किती माणसं, प्रयोगशाळेच्या संगणकांवर काहीही इन्स्टॉल करणार नाही, आणि शिपायाला रविवारी यावं लागेल त्याची सोय कोण करणार. तोंडी परवानगीचा घोळ नेहमी किल्लीपाशी होतो.

तारखा ठरवताना कानबाईचा रविवार सोडा, म्हणजे श्रावणात नागपंचमीनंतरचा. आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आसपासही कोणी फिरकत नाही. सॉफ्टवेअर फ्रीडम डे (मुक्त सॉफ्टवेअरचा दिवस) सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी असतो, २०२६ मध्ये तो १९ तारखेला, आणि गणपती १४ लाच बसतायत. पोरं मंडळात असणार. तो कार्यक्रम महिनाअखेरीला ढकला, कोणी विचारायला येत नाही.

---

तापीकाठ, जळगाव

ठरलं. दोन रविवार दुरुस्तीचं टेबल, तिसऱ्या महिन्यात नऊ-नऊच्या दोन खेपा, पुढच्याच रविवारी पुन्हा टेबल. अर्ज उद्या देतोय. केळीबागदादा, चार पेनड्राइव्ह बाजारातून घेतोय, ६४ जीबीचे, जरा स्वस्त मिळतायत.

---

केळीबाग_६४, रावेर

स्वस्त मिळत असतील तर आधी एफ३ (पेनड्राइव्हची खरी जागा तपासणारा प्रोग्राम) नं तपासा. बनावट पेनड्राइव्ह ६४ जीबी सांगतो आणि आत ८ असतात. पहिली आयएसओ नीट बसते, तिसरी लिहिताना आधीच्यांवर लिहिलं जातं, आणि चूकही दाखवत नाही. एफ३ राइट, मग एफ३ रीड, यूएसबी २ वर एकाला तास-दोन तास लागतात. चारही रात्री लावून ठेवा, आणि दुकानदाराकडून बिल घेऊन ठेवा.